तारलीचा काटा

आंबा घाट उतरताना एसटीतल्या निम्म्या बायकांनी रुमाल तोंडाशी धरले होते. मालिनीला धास्ती होती, पण ती वळणांची नव्हे, पोचण्याची. शेजारी खिडकीला नाक चिकटवून बसलेली राही मात्र अगदी खुशीत होती.

"आई, माकडीण बघ! पिल्लाला पोटाशी घेऊन बसलीय!"

"बघितली गं," मालिनी म्हणाली आणि तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

राही तिच्या पोटची नव्हती. दत्तात्रेय शिंद्यांची पहिली बायको सुनेत्रा मेंदूज्वरानं गेली, तेव्हा राही जेमतेम चार वर्षांची होती. मालिनी त्या घरात आली ती पुढे दोन वर्षांनी. हळद उतरायच्या आतच सासूबाईंनी पोरीला पुढे ढकलून सांगितलं होतं, "ही तुझी आई." राही गुणी पोर. सांगितलं तसं म्हणायला लागली, पण सुरुवातीला शाळेतली कविता म्हणावी तसं. मग एका उन्हाळ्यात तिला कांजिण्या आल्या. खाजवून खाजवून रडायची, मालिनी कडुलिंबाच्या पाल्यानं हळूहळू अंग झाडून द्यायची. त्या आजारपणात 'आई' हा शब्द पोरीच्या तोंडात कधी मुरला ते दोघींनाही कळलं नाही.

आणि आता तिघं चालले होते रत्नागिरीला, सुनेत्राच्या माहेरी.

बेत दत्तात्रेयाचा. सांगलीला पाटबंधारे खात्यात नोकरी करणारा, थोडक्या शब्दांचा माणूस. एप्रिलमध्ये एकदा जेवताना तो म्हणाला, "दर सुट्टीत महाबळेश्वरला जायचं आणि लोकांच्या पाठी बघून परत यायचं. यंदा रत्नागिरीला जाऊया की. समुद्र आहे, आंबे आहेत, मासे आहेत, गर्दी नाही." मग ताटाकडे बघत त्यानं जोडलं, "अण्णांनाही भेटता येईल."

अण्णा म्हणजे सुनेत्राचे वडील, चिंतामणी सुर्वे. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, बायको आधीच गेलेली, लेक ही एकुलती एकच. सुनेत्रा गेल्यावरही ते दर दिवाळीला नातीला बघायला सांगलीला येत. दत्तात्रेयानं दुसरं लग्न केलं आणि त्यांचं येणं थांबलं. पोस्टानं आंब्याची साठं, फणसपोळी येत राहिली, माणूस आला नाही. मालिनीनं त्याचा एकच अर्थ लावला होता: म्हाताऱ्याला आपलं तोंड बघायचं नाही.

त्यामुळे मालिनी पेचात पडली होती. राही त्यांच्यापुढे आपल्याला आई म्हणाली, तर त्यांच्या काळजाला घरं पडतील. नाही म्हणाली, तर आपल्या. "आपण लॉजवर उतरूया," ती नवऱ्याला म्हणाली होती. तो लगेच कबूल झाला. हो ला हो म्हणण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

रत्नागिरीच्या स्टँडवर एक उंच, काटकुळा म्हातारा छत्री बगलेत मारून प्रत्येक गाडीच्या खिडक्यांत डोकावत होता. राहीला बघताच तो जागच्या जागी थांबला.

"केवढी झाली गो ही!" एवढंच म्हणाला.

राहीनं त्यांचा हात धरला. मालिनी पाया पडायला वाकली, तसे अण्णा चटकन दोन पावलं मागे सरले. "राहू दे, राहू दे." वाकलेल्या मालिनीला समोर नुसती कॅनव्हासच्या बुटांची टोकं दिसली. झालं, तिच्या मनानं घेतलं, पायसुद्धा शिवू देत नाहीत.

अण्णांनी मात्र सगळ्यांत जड बॅग उचलली. "लॉजवर उतरताय ना? बरं. उद्यापासून गाव मी दाखवीन. तेवढं तरी माझ्याकडे असू दे."

त्यांनी दाखवलंही. संध्याकाळी मांडवीला नेलं. तिथली वाळू काळीभोर. राहीनं ती मुठीत घेऊन हुंगलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या धोंडूच्या हॉटेलात बसवून कुणालाही न विचारता त्यांनी सगळ्यांसाठी घावणे आणि काळ्या वाटाण्याची आमटी मागवली. घावणे असे पातळ आणि जाळीदार, की दत्तात्रेयानं एक हातात धरून त्यातून राहीकडे बघितलं. मग थिबा राजवाडा बाहेरून पाहिला. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी कसं इथे आणून ठेवलं, ते अण्णांनी उंबराच्या सावलीत उभं राहून सांगितलं.

"मग तो परत गेला?" राहीनं विचारलं.

"नाही गो. इथेच राहिला. इथून खाडीकडे बघत बसायचा."

गाव मालिनीला आवडलं असतं. आवडत होतंच. भर दुपारी दुकानदार फळीवर आडवे होत आणि कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करीत. लाल चिऱ्यांच्या गडग्यांवरून फणसाच्या फांद्या रस्त्यावर वाकलेल्या. कोकमाच्या सरबताचा एक घोट घेतला की घाम कुठल्या कुठे पळायचा. पण सुखानं बघावं, खावं, तर तिचं सगळं लक्ष लागलेलं राहीच्या तोंडाकडे.

कारण एसटीतून उतरल्यापासून पोर तिला एकदाही 'आई' म्हणाली नव्हती.

आधी तिला वाटलं, आपलाच भ्रम. पण मांडवीवर राहीनं शिंपला दाखवला तो पदर ओढून, नुसतं "बघ ना" म्हणत. धोंडूच्या हॉटेलात पाणी हवं होतं तर बोटानं तांब्या दाखवला. रत्नदुर्गावर भगवतीचं दर्शन घेऊन सगळे तटावर चढले. वारा असा, की बोलणं उडून जावं. राही पुढे पळाली आणि वळून ओरडली, "बाबा! आजोबा! इकडे या, बोटी दिसतात!" मग तिची नजर मालिनीवर आली. ओठ उघडले, मिटले. "सगळेच या," ती म्हणाली.

मालिनीनं वाऱ्याचं निमित्त करून डोळे पुसले. रक्ताला रक्ताची ओढ, दुसरं काय. आजोबा भेटले आणि तीन वर्षांची माया गळून पडली. दत्तात्रेयाला सांगावं, तर तो म्हणणार, "पोर आहे, मनावर घेऊ नको." तिनं मनावर घेतलंच. गडावरून उतरताना अण्णा मधूनच राहीकडे बघत, मधूनच मालिनीकडे, आणि मालिनीनं बघितलं की छत्रीच्या मुठीकडे.

"उद्या दुपारी घरी जेवायला या," लॉजच्या फाटकाशी ते म्हणाले. "मालिनीबाई, तुम्ही नाही म्हणू नका."

मालिनीबाई. तुम्ही. परक्या बाईला बोलवावं तसं. ती "हो" म्हणाली.

अण्णांचं घर परटवण्याकडे उतरणाऱ्या रस्त्याला होतं. जांभ्या दगडाचं, कौलारू, दोन खोल्या आणि मागे पडवी. अंगण शेणानं इतकं गुळगुळीत सारवलेलं, की चपला काढायच्या कुठे हा प्रश्न पडावा. दारात मासे विकणारी सखू बसली होती. पाटीत उरलेलं बर्फाचं पाणी तिनं माडाच्या मुळाशी ओतलं.

"मास्तरांनू, पावनी आली काय? ही नात ना? अगदी आईवर गेलीय!" असं म्हणून सखूनं मालिनीकडे निरखून पाहिलं. तिच्या ध्यानात काय ते आलं आणि ती घाईघाईनं पाटी डोक्यावर घेऊन निघाली.

आत भिंतींवर अण्णांनी काढलेली चित्रं होती: होड्या, बंदर, कुणा म्हाताऱ्याचा चेहरा. मधल्या भिंतीवर मात्र नुसताच खिळा होता, आणि त्याच्याखाली चुन्याचा एक चौकोन बाकी भिंतीपेक्षा उजळ. मालिनीला विचारावं लागलं नाही. सुनेत्राचा फोटो इथून काढला होता, आणि तो आपण येणार म्हणून. तिला आधी राग आला. मग लाज वाटली, आणि कशाची ते कळेना.

जेवण अण्णांनी स्वतः रांधलं होतं. सुरमईच्या तळलेल्या तुकड्या, वाफाळता भात, सोलकढी, आणि मातीच्या भांड्यात तारल्यांचं तिखलं. वर तिरफळाचा असा वास, की दत्तात्रेयानं पाटावर बसायच्या आधीच डोळे मिटले. कोपऱ्यात अढीतले आंबे पिकत होते, त्यांचा गोड वास त्यात मिसळला होता.

"मालिनीबाई, तुम्ही सुरमई घ्या," अण्णा वाढता वाढता म्हणाले. "तारल्या राहू देत. काटे फार. सुनेत्राला आवडायच्या म्हणून हात तिकडे जातो माझा. देशावरच्या माणसाला नाही जमायच्या."

त्यांच्या बोलण्यात काही नव्हतं. पण मालिनीच्या मनातला सल ठसठसला. "वाढा की," ती म्हणाली. "जमतील."

मालिनीच्या माहेरी सणावारी मटण व्हायचं, मासा कधी कृष्णेचा आला तर आला. समुद्राचा मासा तिनं परवापर्यंत चाखलाही नव्हता. पहिली तारली तिनं नीट निवडून खाल्ली. चव खरंच अशी होती, की क्षणभर ती सगळं विसरली. जिभेवर तिरफळ झिणझिणलं, मागून कोकमाचा आंबटपणा. दुसऱ्या तारलीच्या वेळी तिला धीर आला, आणि तिसरीचा घास तिनं भाताबरोबर सरळ गिळला.

काहीतरी घशात आडवं बसलं.

ती पाणी प्यायली. जाईना. खाकरली, तर आणखी टोचलं. डोळ्यांतून पाणी आलं, चेहरा लाल झाला, श्वास घ्यावा तर खोकला, खोकावं तर कळ. दत्तात्रेय उठून तिच्या पाठीत थापट्या मारायला लागला, त्यानं तर ती जास्तच गुदमरली.

पाटा-ताटाचं भान न ठेवता राही उभी राहिली. सोलकढीची वाटी लवंडली. पोरीचा चेहरा पांढराफटक.

"आई!" ती किंचाळली. "आई, काय झालं? आजोबा, माझ्या आईला काय झालं? बघा ना तिला! आई मरेल! आजोबा!"

"कुणी मरत नाही गो! काटा आहे नुसता!" अण्णांनी दत्तात्रेयाचा हात धरून त्याला मागे ओढलं. "पाठीत नको मारू, जावई, वर येऊन आणखी रुतेल." त्यांनी कोरड्या भाताचा सुपारीएवढा गोळा वळला आणि मालिनीच्या तोंडापुढे धरला. "चावायचं नाही. तसाच गिळ. गिळ गो पोरी, घाबरू नको."

तिनं गिळला. नाही. दुसरा गिळला. तेच. तेवढ्यात अण्णा पडवीत गेले, टांगलेल्या घडातलं एक केळं तोडून सोलतच परत आले. "मोठा घास घे. डोळे मिट आणि गिळ."

मालिनीनं डोळे मिटले. घास उतरताना एकदा जोरात खरवडलं आणि मग काही नाही. तिनं आवंढा गिळून पाहिला. पुन्हा गिळून पाहिला.

"गेला," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दत्तात्रेय मटकन खालीच बसला, तो सांडलेल्या सोलकढीत, आणि उठायचंही त्याला सुचलं नाही. राहीनं मालिनीच्या गळ्याला मिठी मारली होती आणि ती हुंदके देत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. मग अचानक तिच्या लक्षात आलं. तिनं मान वर करून आजोबांकडे पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखं तोंड मालिनीच्या खांद्यात खुपसलं.

अण्णा पडवीच्या उंबऱ्यावर पाठमोरे बसले होते. त्यांचे खांदे हलत होते.

ज्याची भीती होती तेच झालं, मालिनीला वाटलं. पोरीला तसंच गळ्याशी धरून ती उठली, त्यांच्याजवळ गेली आणि खाली बसली. "लेकरू घाबरलं म्हणून बोललं," ती म्हणाली. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

अण्णांनी तोंड वळवलं. ते रडत होते हे खरं, पण हसतही होते.

"वाईट? अगो, बोलली एकदाची!" त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले. "आल्यापासून कान लावून बसलोय मी. पोर मला हाका मारते, बापाला मारते, तुला हाकच नाही. मला वाटलं, बापाला बायको मिळाली, पण पोरीला आई काही मिळाली नाही. त्या गडावर तर खात्रीच पटली. कुणाला विचारणार? तुला विचारायचं म्हणजे तुझ्यावर आळ घ्यायचा."

मालिनीनं जोरात मान हलवली. "घरी आईच म्हणते ती. एसटीतसुद्धा म्हणत होती."

"मग इथेच काय झालं? काय गो राही?"

राहीचं तोंड खांद्यातच होतं. आवाज तेवढा आला. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"कोण म्हणालं?"

"आईच बाबांना म्हणत होती, बॅग भरताना. मी आई म्हटलं तर आजोबांना कसं वाटेल म्हणून."

मालिनीला ते आठवलं. पोर तेव्हा पलीकडे बाहुलीची वेणी घालत होती, आपल्याच नादात. तेवढ्यावरून नऊ वर्षांच्या जिवानं एवढा मोठा शब्द ओठांआड दाबून ठेवला होता! मालिनीनं तिला आणखी घट्ट धरलं. रक्ताची ओढ नि काय काय आपण म्हणत बसलो, तिला वाटलं, आणि पोर मात्र सगळ्यांना सांभाळत होती.

"राही," अण्णा म्हणाले, "इकडे बघ. तुझी पहिली आई माझी लेक. तिच्या पोरीला कुणी पोटाशी धरलेलं दिसलं, तर मला वाईट वाटेल की बरं?"

राहीनं विचार केला. "बरं."

"मग? आता मोठ्यानं म्हणत जा. सखूच्या घरापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

आता घशातला काटा गेलाच होता, म्हणून मालिनीनं बाकीचंही विचारून टाकलं. "मग तुम्ही सांगलीला यायचं का थांबवलंत?"

"नव्या संसाराच्या दारात जुन्या घरचं माणूस कशाला उभं करा? तुला अवघड झालं असतं."

"आणि स्टँडवर पाया पडू दिलं नाहीत ते?"

"सुनेत्रा गाडीतून उतरली की तशीच वाकायची. भर रस्त्यात. मी बावरलो गो. नंतर वाटलं, चुकलं आपलं. पण मग कसं सांगणार?"

"मी तर तुम्हाला हाकच मारत नव्हते," मालिनी म्हणाली. हे तिच्या आत्ता ध्यानात आलं होतं. "काय म्हणायचं तेच समजेना."

"अण्णा म्हण. सगळा गाव मास्तर म्हणतो, घरातली माणसं अण्णा म्हणतात."

"मग अण्णा, तो फोटो कुठे आहे?"

अण्णांचा चेहरा फळ्यावर रेघोट्या मारताना सापडलेल्या पोरासारखा झाला. "कपाटात. पंच्यात गुंडाळून ठेवलाय."

"काढा."

दत्तात्रेयानं स्टुलावर चढून फोटो खिळ्याला लावला. त्याच्या पॅंटला मागून गुलाबी डाग पडला होता, म्हणून तो सगळ्यांकडे पाठ करायला लाजत होता. फोटोतली सुनेत्रा कॉलेजात जायच्या वयाची, दोन वेण्या घातलेली, कॅमेऱ्याकडे बघून हसणारी. सांगलीच्या घरातला फोटो लग्नातला होता, त्यात ती मान खाली घालून बसलेली. तिचं हसू मालिनी पहिल्यांदाच बघत होती.

"हिचे पण दात पुढे आहेत!" राही ओरडली. "आई, बघ, माझ्यासारखेच!"

आणि मग सगळेच इतके हसले, की मालिनीच्या खरवडलेल्या घशाला कळ लागली.

त्याच संध्याकाळी लॉजवरच्या बॅगा परटवण्याला आल्या. दत्तात्रेयानं दुसऱ्या दिवशी तारेनं रजा वाढवून घेतली, आणि हे त्यानं कुणालाही न विचारता केलं, याचं मालिनीला फार नवल वाटलं. अण्णांनी तिला तारली निवडायला शिकवलं: शेपटीकडून धरायची, पाठीचा काटा बोटांत घ्यायचा आणि अलगद ओढायचा, म्हणजे बरेचसे काटे त्याच्याबरोबर येतात. तिला जमलं, पण प्रत्येक घासाला राही तोंडापुढे केळं धरून बसायची.

शेवटच्या दिवशी सगळे मालगुंडला गेले. गणपतीपुळ्याला देवदर्शन केलं आणि पुढे रमतगमत निघाले. दिवाळीचं सांगलीला येणं थांबल्यापासून अण्णा गावाबाहेर पडले नव्हते. पण किनाऱ्यावर पोचताच त्यांनी धोतर गुडघ्यांवर खोचलं आणि नातीचा हात धरून सरळ पाण्यात शिरले. दत्तात्रेय डबा उघडून घावण्यांची वाटणी करायला लागला आणि वाटणी करता करताच दोन खाऊन बसला.

मालिनी सुरूच्या सावलीत टेकली. वाळू गरम होती, वारा गार. एका खटाऱ्यातून कुणी माडाच्या झावळ्या नेत होतं, चाकांचा कुरकुर आवाज येत होता. पाण्याच्या कडेला राही आजोबांना काहीतरी समजावून सांगत होती आणि अण्णा मान डोलावत होते. जेवणाआधी जरा डोळे मिटावेत म्हणून मालिनी कुशीवर वळली.

तिला लगेच झोप लागली. दत्तात्रेयानं तिच्या वाटणीचे घावणे केळीच्या पानात गुंडाळून बाजूला ठेवले आणि पाण्याकडच्या दोघांना हातानंच खूण केली, की हळू बोला.